शहात्तर ग्रॅमचं पाकीट

१

पाकीट वेळेवर पोचलं. पत्ता बरोबर, पिनकोड बरोबर, शिक्का ठळक. आत दोन कोरे कागद होते.

चिंचमाळच्या तलाठी दामिनीबाईंनी ते उजेडात धरून पाहिले, पाकीट उपडं करून झटकलं, पण त्यातून धूळसुद्धा पडली नाही. मग पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या मोबाइल नंबरवर त्यांनी फोन लावला.

सुभद्रा तेव्हा हिंगण्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये साठ माणसांची कणीक मळत होती. पाकीट आलं, पण त्यात हरकतीचा अर्ज नाही, एवढंच बाईंनी सांगितलं. सुभद्रानं हात धुतले, सुपरवायझरला हात जोडले आणि दोन बस बदलून दुपारी बाराला गाव गाठलं.

गोष्ट अशी होती. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भावानं, धर्मेंद्रनं, दोघी बहिणींपुढे एक कागद सरकवला होता. बँकेचा आहे, सह्या मारा, म्हणाला. तोंडात अनारसा होता, मांडीवर नवी साडी होती. त्यांनी सह्या मारल्या. तलाठ्याची नोटीस आली, तेव्हा तो कागद हक्कसोडीचा निघाला. बापाच्या शेतातला आपला वाटा दोघींनी खुशीनं भावाला दिला, असं त्यावर लिहिलं होतं. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. आजचा चौदावा.

दामिनीबाई माणूस भल्या. म्हणाल्या, अर्ज काय, इथंच बसून दुसरा लिहा. पण सही तर तुमचीच आहे. वडलांच्या मनात काही वेगळं होतं, हे दाखवणारा कागद आहे का?

कागद होता. नानाजींनी, तिच्या वडलांनी, जायच्या आधी वहीच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, विहिरीकडचा तुकडा सुभद्रेचा. खाली सही, दोन साक्षीदार, आता तेही वर गेलेले. रुपराव, सुभद्राचा नवरा, वारला त्याच वर्षी हे लिहिलं. परक्याच्या चुली फुंकून थकली की इथं येजो, बाई, असं म्हणाले होते. नोटिशीत 'मूळ कागदपत्रांसह' असं छापलं होतं, म्हणून तिनं ती मूळ चिठ्ठीच पाकिटात घातली होती. झेरॉक्सही काढली नव्हती.

आणि पाकिटात आता ती नव्हती.

२

अडीचला सुभद्रा नागपुरात, नंदनवनकडच्या आपल्या पोस्टात शिरली, ती रांग न लावता. काउंटरवर विक्रमबाबू होते. तिनं पाकीट काचेखालून आत सरकवलं.

"माहा कागद कोनं खाल्ला?"

विक्रमबाबूंनी पाकिटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. तक्रार ऑनलाइन टाका, म्हणाले. नंबर येईल.

"उद्या शेवटचा दिवस आहे, बाबू."

"मग आजच टाका."

रांगेतला एक जण हसला. सुभद्राला हसणाऱ्याचा राग आला नाही. या काचेसमोर ती गेल्या आठवड्यात इतकी उभी राहिली होती, की तिचा राग शिळा झाला होता. सोमवारी ती रजा टाकून आली, तेव्हा विक्रमबाबूंनी पाकीट काट्यावर ठेवलं, पेन्सिलीनं कोपऱ्यात आकडा टाकला आणि परत दिलं. स्टेपलरच्या पिना चालत नाहीत. पाठीवर मोबाइल नंबर नाही. पन्नास ग्रॅमच्या वर आहे, दर वेगळा पडेल. रजिस्टर करून द्या, असं ती म्हणाली, तर रजिस्टर आता राहिलं नाही, स्पीडपोस्ट करा. पोचपावती? ती वेगळी मागावी लागते. बरं, गोंद तरी? गोंद आम्ही ठेवत नाही, बाहेर कडुनिंबाखाली धोंडबा बसतो, त्याच्याकडे जा.

मंगळवारी ती धोंडबाकडून पाकीट चिकटवून दीड तास रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला आणि लिंक गेली. 'लिंक नाही' ही पाटी विक्रमबाबूंनी खणातून अशी अलगद काढली, जशी घरातली बाई सणाची रांगोळी काढते. बुधवारी एकदाचं पाकीट गेलं होतं.

"इकडे दे ते," बाकावरून आवाज आला.

बाकावर यमुताई बसल्या होत्या. याच पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली. पासबुकात नोंद करायला सकाळपासून आल्या होत्या. प्रिंटर बंद होता. त्यांचा आवाज ऐकून विक्रमबाबू खुर्चीतून अर्धे उठले. तिकीट चिकटवायला त्यांना यमुताईंनीच शिकवलं होतं.

पाकीट हातात घेऊन यमुताईंनी ते उघडलं नाही. फक्त बोटानं चारी कडा चाचपल्या, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तशा. दामिनीबाईंनी पाकीट कडेनं सुरीनं कापलं होतं. वरची चिकटवलेली घडी तशीच होती.

"कोणावर संशय आहे तुझा?"

सुभद्रानं दाराबाहेर बोट दाखवलं.

३

धोंडबा चिंचमाळचा. सुभद्राच्या बापाच्या शेताला लागून त्याचं शेत होतं, आणि धर्मेंद्र नागपूरला आला की दोघं एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खात. मंगळवारी पाकिटावर तलाठ्याचा, गावाचा पत्ता वाचून तो म्हणाला होता, मोठ्ठं काम काढलं बाई तुम्ही. तेव्हापासून ते वाक्य सुभद्राच्या कानात बसलं होतं.

आता तिनं ते त्याच्या तोंडावर फेकलं. धोंडबानं शांतपणे ऐकून घेतलं. कडुनिंबाची पानं त्याच्या पेटीवर पडली होती, ती त्यानं एकेक उचलली.

"धर्मेंद्रचा खर्रा खातो, हे खरं हाये," तो म्हणाला. "पन त्याचं मीठ नाई खाल्लं. अन् बाई, तुम्ही माह्या डोक्यावर उभ्या होत्या. एक कागद हालला असता तं माहा हात तोडला असता तुम्ही."

यमुताईंनी त्याची खळीची वाटी मागितली. मैद्याची खळ, तिला निळसर झाक. मोरचूद टाकतो, धोंडबा म्हणाला. नाहीतर झुरळं अख्खं टपाल खातात. यमुताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पाकिटाची घडी नखानं हळूहळू उचकली आणि उन्हात धरली.

कडेनं निळी रेघ होती. धोंडबाचीच. पण रेघ मध्येच फाटली होती. कागदाचं साल निघालं होतं. आणि त्या फाटक्या निळ्यावर पांढऱ्या, पारदर्शक खपल्या होत्या, चपट्या, तांदळाएवढ्या. यमुताईंनी एक खपली नखावर घेतली, धोंडबाच्या लोट्यातल्या पाण्याचा थेंब तिच्यावर सोडला आणि थांबल्या. खपली फुगली, मऊ झाली.

"शीत," धोंडबा म्हणाला. "भाताचं शीत हाये ताई हे. मी नाई लावत. उंदीर ओढून नेतात पाकीट. धंदा करून राहिलो मी इथं, मजाक नाई."

यमुताईंनी पाकीट मिटलं. धोंडबानं ते मंगळवारी सुभद्राच्या डोळ्यांदेखत बंद केलं. त्यानंतर ते कोणीतरी वाफेवर नाही, ओढूनच उघडलं, आणि परत लावताना हाताशी गोंद नव्हता, ताजा भात होता.

"हे पोस्टात नाही उघडलेलं," त्या म्हणाल्या. "हे चुलीपाशी उघडलंय."

४

चुली तर सगळ्यांच्याच घरी असतात. सुभद्राचं म्हणणं पडलं की पोस्टमनची पण बायको भात लावते. नेलं असेल त्यानं घरी. तिला ते तसंच असायला हवं होतं. यमुताईंनी तिला बाकावर बसवलं आणि पावती मागितली.

पावती पर्समध्ये चार घड्या होऊन पडली होती. सुभद्रानं ती कधी वाचली नव्हती. पावती असते, ती ठेवायची असते, वाचायची थोडीच असते.

यमुताईंनी ती गुडघ्यावर सपाट केली आणि शेजारी पाकीट ठेवलं. पाकिटाच्या कोपऱ्यात विक्रमबाबूंचा पेन्सिलीचा आकडा होता, शहात्तर. सोमवारचं वजन. पावतीवर छापलं होतं, वजन बावीस ग्रॅम.

"पावतीवरचं वजन काटा स्वतः लिहितो, विक्रम हातानं लिहीत नाही. म्हणजे काउंटरवर आलं तेव्हाच पाकीट रिकामं होतं. पोस्टानं तुला दोन दिवस छळलं, सुभद्रा, पण लुटलं नाही." मग त्यांनी बोट थोडं खाली आणलं. "बुधवार. दहा वाजून बेचाळीस मिनिटं. तू कुठे होतीस?"

"कंपनीत. रजा संपली होती."

"मग रांगेत कोण उभं होतं?"

"वंदी," सुभद्रा म्हणाली. लहान बहीण वंदना, मनीषनगरला राहते. मंगळवारी मुक्कामाला आली होती, म्हणाली, तू जाय कामावर, मी टाकून देतो. "पन तिचं काय विचारता, ताई? वंदी म्हनजे मीच ना."

 काचेमागून विक्रमबाबू उठून बाहेर आले, चपला न घालता. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की पेन्सिलीचा आकडा पाहून त्यांनी त्या बाईला विचारलं होतं, वजन कमी कसं भरतं. बाई म्हणाली, फालतू झेरॉक्स होते, काढून टाकले. फायदाच झाला तुमचा, असं ते म्हणाले आणि शिक्का मारला.

"मले काहून नाई सांगतलं?"

"पाठवणाऱ्याला सांगायचा नियम नाही, ताई."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. यमुताईंनी सुभद्राचा हात हातात घेतला. कणकेचा वाळका पापुद्रा अजून बोटांच्या बेचक्यात होता. जे विचारायचं ते त्यांनी अगदी हळू विचारलं, जखमेवरची पट्टी काढावी तसं.

"बुधवारी सकाळी तुझ्या घरी भात कोणी रांधला?"

सहाच्या कंपनीबससाठी सुभद्रा निघाली, तेव्हा वंदना कुकर लावत होती. संध्याकाळी ती परत आली, तर डब्यात भात झाकून ठेवलेला होता, वर लसणाची फोडणी घातलेली, आणि पावती देवापुढे. वंदना आपल्या घरी गेली होती. सुभद्रा एकटी बसून तो भात जेवली होती, बोटं चाटूनपुसून, आणि मग फोन करून बहिणीला म्हणाली होती, तू नसती तं माहं कसं झालं असतं वं.

लहानपणी निंदणाला दोघी पिकाच्या एकाच ओळीत बसत, आणि आईनं बांधलेली ओवी म्हणत पुढं सरकत:

आम्ही दोघी बहिणी वं, एका शिवेवर घर
तिच्या पायी मोडे काटा, मले चढतो ज्वर.

ओवीत कोणी सांगितलं नव्हतं, की काटा तिनंच पेरला तर काय करायचं.

५

मनीषनगरला पोचेपर्यंत साडेपाच झाले. यमुताई सोबत आल्या, पण जिन्यापाशी थांबल्या. पुढचं माझं काम नाही, म्हणाल्या, आणि गेटजवळच्या कट्ट्यावर बसून राहिल्या.

वंदनानं दार उघडलं, बहिणीचा चेहरा पाहिला आणि पाण्याचा पेला आणायला वळली. सुभद्रा उभीच राहिली.

"नानाजीची चिठ्ठी दे."

वंदनानं नाही म्हटलं नाही. कपाट उघडलं, भाऊबीजेच्या त्या साडीची घडी उचलली. मधून कागद निघाले, सगळे, क्रमानं लावलेले. सर्वांत वर वहीचं पिवळं पान.

"जाळाची हिंमत नाई झाली," ती म्हणाली.

मग ती बोलत राहिली. धर्मेंद्रचा मंगळवारी दुपारी फोन आला होता. आईनं शपथ घातली, म्हणाला. सुभद्रीची हरकत गेली, तर दोघींपैकी एकीनंही या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. भाऊबीज बंद, आखाडीचं बोलावणं बंद, आई मेली तरी निरोप यायचा नाही. वंदनानं त्या रात्री बहिणीशेजारी झोपून छताकडे पाहत विचार केला. सकाळी भात शिजत होता, पाकीट समोर होतं.

"मले सांगतलं असतं."

"सांगतलं असतं तं थांबली असती का तू?"

सुभद्रानं खरं तेच सांगितलं. "नाई."

"मंग." वंदना पलंगाच्या कडेला बसली. आतल्या खोलीत सासू खोकत होती. हॉलमध्ये नवऱ्याचे इस्त्रीचे कपडे, मुलाचं टेबल, दिराचं सामान. "तुले जमीन भेटल, बाई. मले काय भेटल? वर्सातून दोन दिवस तिथं जातो मी. चटई टाकतो अन् पाय पसरून झोपतो. कोनी उठवत नाई. या घरात पाय पसराले जागा दाखव मले तू."

सुभद्राला जागा दिसली नाही. तिला एकदम वाटलं, या बाईला कुशीत घ्यावं. हात पुढे झालासुद्धा. पण बोटांना आठवला तो भात, त्याचा लसणाचा वास, आणि हात मागे आला.

"शितं काढली तूनं," ती म्हणाली, "अन् उरलेला भात मले जेवू घातला."

वंदनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुभद्रानं कागद मोजले, पदराखाली घेतले आणि जिना उतरली.  कट्ट्यावर यमुताईंनी सरकून तिला बसायला जागा केली.

६

मंगळवारी, पंधराव्या दिवशी, सकाळी अकराला दामिनीबाईंनी हरकत हातात घेतली. चिठ्ठी दोनदा वाचली. मूळ कागद तुमच्याजवळच ठेवा, म्हणाल्या. दाखवा म्हणजे पाठवा नव्हे. मग त्यांनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि सुनावणीची तारीख लिहून पोच दिली. एवढ्यासाठी तीन मिनिटं लागली.

बस थांब्याला जायचा रस्ता माहेरावरून जातो. दुसरा रस्ता नाही. सुभद्रानं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि झपाझप पावलं टाकली, पण अंगणात आई, जिजाबाई, सूप घेऊन बसली होती, आणि तिची नजर ऐंशीव्या वर्षीही तुरीतला खडा चुकत नाही.

"सुभद्रे. अशी काहून जाऊन राहिली वं, चोरासारखी?"

ती फाटकाबाहेरच थांबली. धर्मेंद्र घरी नव्हता, मोटरसायकल नव्हती. जे सांगायचं ते तिनं उभ्यानंच सांगितलं. आई, मी हरकत देली.

जिजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "देली तं देली. तुह्या बापानं लिहून ठेवलं होतं. तो धर्मा मले म्हने, दोघीईनं खुशीनं सोडलं. मी म्हटलं, असंल बाप्पा, शहरात राहून मोठ्या झाल्या."

"तू शपथ घातली म्हने आमाले. उंबऱ्यावर पाय ठेवू नोका म्हने."

"मी?" म्हातारी इतकी गोंधळली, की तिच्या हातातली तूर मातीत सांडली. "कायची शपथ वं? मी कायले माह्या लेकीईले शपथ घालू?"

सुभद्रा फाटकाला धरून उभी राहिली. म्हणजे शपथही कोरीच होती. आत काहीच नव्हतं. भावानं नुसतं चिकटवून पाठवलं होतं, आणि वंदीनं उघडून न पाहता घेतलं होतं.

आई जेव म्हणाली. ती जेवली नाही. धर्मेंद्र यायच्या आत निघायला हवं होतं. थांब्यावर बस लागलेली नव्हती. फोन वाजला. वंदी.

दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा सुभद्रानं घेतला. वंदनाचा आवाज रडून बसला होता. तिनं एकच विचारलं, आई भेटली का, काय म्हणाली.

सुभद्राजवळ खरं होतं, ताजं, अजून हातात गरम. ते सांगितलं असतं, तर वंदना आयुष्यभर त्या भावाच्या दारात पुन्हा गेली नसती. वर्षातले ते दोन दिवस, ती चटई, तेही गेलं असतं. शिक्षा म्हणून पुरेसं होतं. समोर तुरीची शेतं वाऱ्यानं एका बाजूला कलत होती.

"रागावली," सुभद्रा म्हणाली. "माह्यावर. म्हने, वंदी समजदार निंघाली. भाऊबीजेले तिले येऊ दे म्हने."

पलीकडे श्वास ऐकू आला. हलका होत गेलेला श्वास.

"अन् तू वं, बाई? तू नाई येशील?"

"मले आता तारीख आहे," सुभद्रा म्हणाली, आणि फोन बंद करून पदराच्या गाठीत बांधला. बस आली तेव्हा ती सर्वांत आधी चढली.